हॅरी पॉटर: पुस्तकातलं पात्र जसंच्या तसं पडद्यावर कोणी आणलं?

निळी_शाई
तर झालंय असं की लेक (वय ९) सध्या हॅरी पॉटरचा पहिला भाग वाचतेय आणि घरात नियम आहे, पुस्तक संपल्याशिवाय सिनेमा नाही. वाचता वाचता ती वहीत चित्रं काढते. काल स्नेप काढला, हॅरीच्या शाळेतला खडूस मास्तर. बारकुडा, पोपटाच्या चोचीसारखं नाक, केसांतून तेल ठिबकतंय (थेंब खरंच काढलेत, निळ्या स्केचपेनने, तेल निळं का ते विचारू नका) आणि वयाने आमच्या सोसायटीत गणपतीला ढोल वाजवणाऱ्या दादालोकांएवढा. मी म्हटलं अगं एवढा तरुण नाहीये तो. तर म्हणे, कुठे लिहिलंय?

बसले मग शोधत. पहिल्या भागात खरंच कुठे लिहिलेलं नाही. उलट सातव्या भागात हॅरीचे आईबाप लिली आणि जेम्स यांच्या थडग्यावर जन्मसाल १९६० आहे, मृत्यू १९८१, स्नेप त्यांच्याच वर्गातला, म्हणजे हॅरी शाळेत येतो तेव्हा हा गडी फार तर एकतीस वर्षांचा! आणि माझ्या डोक्यात गेली वीस वर्षं फक्त अ‍ॅलन रिकमन, सिनेमातला स्नेप, जो २००१ साली पंचावन्नचा होता. म्हणजे माझा स्नेप पुस्तकातला नाहीच, सिनेमाने आणून बसवलाय.

म्हणून प्रश्न. उत्तम अभिनय कोणाचा हा नाही, तो धागा हजारदा निघालाय. पुस्तकात जे लिहिलंय तेच, तसंच, कोणी उभं केलं? माझं मत अम्ब्रिज, पाचव्या भागातली ती गोड बोलणारी बाई. सविस्तर नंतर, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

शेवटचा_बाक
रिकमन. विषय संपला, कुलूप लावा धाग्याला.

बरं, थोडं लिहितो. तिसऱ्या भागात ल्युपिन मास्तर आजारी असतो म्हणून स्नेप तासाला येतो तो सीन आठवा. दार धाडकन, चालत चालत छडीने एकेक खिडकी फटाफट बंद, मग तो पडदा खाली ओढतो आणि पान तीनशे चौऱ्याण्णव काढा म्हणतो. पान नंबर सांगतोय हो फक्त! पण वर्गात उशिरा आलेल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. आणि चौथ्या भागात मुलं अभ्यासाला बसलीत, हॅरी आणि त्याचा मित्र रॉन गप्पा मारतायत, हा मागे येतो, आधी शांतपणे बाह्या सरसावतो आणि मग दोघांची डोकी खाली दाबतो. एक शब्द नाही. बाह्या सरसावायला जो वेळ घेतो ना, तिथे माणूस कळतो.

शिवाय लेखिका रोलिंगबाईंनी त्याला एक गुपित आधीच सांगून ठेवलं होतं. पहिला सिनेमा आला तेव्हा पुस्तकं चारच आली होती, वाचकांना काही पत्ता नव्हता आणि हा मनातल्या मनात ते धरून दहा वर्षं काम करतोय. आता पुन्हा बघताना हॅरीकडे बघणारे त्याचे डोळे बघा.

खारीक
+१ रिकमन. तो बोलायचा थांबतो तेव्हा जास्त बोलतो.

निळी_शाई
बाक, तुमचं सगळं मान्य, पण तुम्ही रिकमन किती भारी ते सांगताय. पुस्तकातला स्नेप कसा आहे? खुनशी आहे हो तो. कोत्या मनाचा. चौथ्या भागात हॅरीची मैत्रीण हर्मायनी, तिचे दात जादूने वाढत वाढत हनुवटीखाली जातात, पोरगी रडकुंडीला आलीय आणि हा मास्तर म्हणतो मला काही फरक दिसत नाही. नेव्हिल नावाच्या पोराच्या बेडकावर त्याच्याच काढ्याचा प्रयोग करतो, मेला तर मेला. हे सिनेमात आहे? नाही. उलट तिसऱ्या भागात ल्युपिनचा लांडगा होतो तेव्हा सिनेमातला स्नेप हात पसरून मुलांच्या पुढे उभा राहतो. मूळ पुस्तकात तो त्या वेळी बेशुद्ध आहे!

म्हणजे रिकमनने स्नेपला एक भारदस्तपणा दिला जो लेखिकेने दिला नव्हता. तो स्नेप मला आवडतो. फार आवडतो. पण मग पुस्तकात शेवटी जो धक्का बसतो, की हा घाणेरडा माणूस, ज्याचा आपण सहा भाग राग राग केला, तो लपून हॅरीला वाचवत होता, तो धक्का सिनेमात अर्धाच बसतो, कारण रिकमनचा राग कोणाला आला होता कधी?

ढवळ्या
हे वयाचं नीट लक्षात आलं नव्हतं. आणि एकट्या स्नेपचं नाही ना ते. तो पंचावन्नचा म्हटल्यावर त्याच्या वर्गातले सगळेच वयस्कर घ्यावे लागले. सिरियस, ल्युपिन, आरशात दिसणारे आईबाप, सगळे चाळिशीच्या आसपासचे वाटतात. पुस्तकात जेम्स-लिली मेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. एकवीस! आमच्याकडे त्या वयात पोरं बॅकलॉग काढत असतात. एक वर्षाचं मूल, घराबाहेर युद्ध आणि ही दोन पोरं. सिनेमात ते एखाद्या बँकेत नोकरी करणाऱ्या जोडप्यासारखे दिसतात, त्यामुळे ती हळहळ पोचतच नाही.

शेवटचा_बाक
हम्म. हे पटलं. तरी मत तेच.

गडबडगुंडा
मी वेगळीच काडी टाकतो. या धाग्यात सगळ्यात मोठा अन्याय रॉनवर झालाय आणि त्यात रूपर्ट ग्रिंटचा काडीचा दोष नाही. पोरगा दिसतो रॉन, हसतो रॉन, घाबरल्यावर तोंड करतो ते शंभर टक्के रॉन. पण पटकथा लिहिणाऱ्या स्टीव्ह क्लोव्ह्जचं (पाचवा भाग सोडून सगळे त्यानेच लिहिले) हर्मायनीवर इतकं प्रेम की रॉनचे चांगले संवाद उचलून तिला दिले. तिसऱ्या भागात त्या पडक्या घरात पाय मोडलेला रॉन उभा राहायचा प्रयत्न करतो आणि सिरियसला सांगतो, हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारावं लागेल. मोडक्या पायावर! सिनेमात ते हर्मायनी म्हणते आणि रॉन मागे कण्हत पडलाय.

आणि हर्मायनी? पुस्तकातली हर्मायनी डोक्याला ताप आहे. घरएल्फांच्या (फुकट राबणारे छोटे जादुई नोकर) हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले करते, दोन सिकल (तिथली नाणी) वर्गणी मागत फिरते, सगळे तिला टाळतात. ते सगळं कापलं. उरली ती हुशार, सुंदर, कधीही न चुकणारी. एमा वॉटसन गुणी आहे, पण ती हर्मायनीची इस्त्री केलेली आवृत्ती आहे.

ताकभात
वर्गणी मागत फिरते म्हणजे आमच्या मंडळाची खजिनदारच की 😀

बाकी तिसऱ्या भागाच्या वेळी दिग्दर्शक क्वारोनने तिघांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता, एमाने सोळा पानं लिहिली, हॅरी झालेल्या डॅनियलने एक आणि रूपर्टने दिलाच नाही. तिघंही पास.

पाटलीणबाई
कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. पद्मा आणि पार्वती पाटील!!! अख्ख्या हॉगवर्ट्समध्ये (हॅरीची जादूची शाळा) आपल्याकडची दोन माणसं आणि त्यांचं काय केलं बघा. मी कोल्हापूरची, माहेरची पण पाटील आणि सासरची पण पाटील, शाळेत आमच्या एका वर्गात सहा पाटील होते, बाई हजेरी घेताना आडनाव म्हणायच्याच नाहीत. तर पुस्तकात पहिल्यांदा पाटील वाचलं तेव्हा मी घरभर नाचले होते की ह्या सांगलीच्या असणार नाहीतर जळगावच्या.

आता चौथ्या भागातला तो नाताळचा नाच. पुस्तकात पार्वती कशी येते? गडद गुलाबी झगा, लांब वेणीत सोनेरी गोफ, हातात सोन्याच्या बांगड्या चमकतायत. पद्मा झगझगीत निळ्या-हिरव्या रंगात. दिसतंय ना डोळ्यापुढे, पाटलांच्या घरचं लग्न! आणि सिनेमात? शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने आणतात तसले लेहंगे. इस्त्री पण नीट नाही. शाळेतल्या गटांपैकी पद्मा रेव्हनक्लॉ गटाची, तिलाही उचलून बहिणीच्या ग्रिफिंडोरमध्ये टाकली, एक स्वेटर वाचवला असेल.

नट्यांना नावं ठेवत नाही. अफशान आझाद आणि शेफाली चौधरी, दोघी बांगलादेशी मूळ असलेल्या ब्रिटिश मुली, खऱ्या बहिणीही नाहीत. रॉन नाचायला उठत नाही तेव्हा पद्मा बसल्या बसल्या ज्या नजरेने बघते ती नजर मात्र एक नंबर, अस्सल पाटलांची आहे, त्याबद्दल अफशानबाईंना माफ.

खारीक
"एक स्वेटर वाचवला असेल" 😂😂 मेलो

ढवळ्या
हेडमास्तर डंबलडोरवर कोणी का लिहीत नाही? की भांडणं होतील म्हणून घाबरताय.

मी लिहितो. रिचर्ड हॅरिस. पहिले दोनच भाग मिळाले बिचाऱ्याला, २००२ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. आधी करणारच नव्हता, अकरा वर्षांच्या नातीने धमकी दिली की आजोबा नाही म्हणालात तर पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही. त्याच्या डोळ्यांत ते जे मिश्कील काहीतरी होतं ना, अर्धचंद्री चष्म्यावरून बघणारं, तो डंबलडोर. नंतर आलेले मायकेल गॅम्बन मोठे नट, वाद नाही, पण त्यांनी पुस्तकं वाचलीच नव्हती आणि ते दिसतं. चौथ्या भागात स्पर्धेच्या अग्निचषकातून हॅरीचं नाव येतं तेव्हा पुस्तकात डंबलडोर शांतपणे विचारतो, तू नाव टाकलंस का? शांतपणे असं लिहिलंय! आणि गॅम्बन धावत येतो, पोराला धरून मागे ढकलत नेतो, जणू घरमालक भाडं थकलं म्हणून आलाय.

शेवटचा_बाक
तो दोष दिग्दर्शकाचा, माइक न्यूवेलचा. तो सीन तसा घ्यायचं त्याने ठरवलं. गॅम्बन बघायचा तर सहावा भाग बघा, गुहेत ते औषध पिताना. म्हातारा हॅरीकडे गयावया करतो, मला नको आता, पुरे. माझ्या वडिलांचं शेवटचं आजारपण मी घरी काढलंय, चमच्याने औषध पाजलंय, त्यांनी असंच तोंड फिरवलं होतं. तो सीन मी एकदाच बघितला. परत नाही.

आणि हॅरिसला पाचव्या भागातली खलनायक व्होल्डेमॉर्टशी मारामारी झेपली असती का?

ढवळ्या
बाक, 🙏. सहाव्या भागाबद्दल शब्द मागे. चौथ्याबद्दल नाही.

निळी_शाई
आता अम्ब्रिज. वेळ मिळालाय.

पुस्तकात तिला बेडकासारखी म्हटलंय. रुंद थोबाड, फुगीर डोळे, मान नाही. इमेल्डा स्टॉन्टन अजिबात बेडकासारखी दिसत नाही. ती तुमच्या शेजारच्या विंगमधल्या काकूंसारखी दिसते ज्या संक्रांतीला तिळगूळ देतात. आणि तरीही ती जास्तीत जास्त पुस्तकातली अम्ब्रिज आहे. कारण अम्ब्रिज दिसण्यात नाहीचे. ती त्या बारीक खोकण्यात आहे, दुसऱ्याचं बोलणं तोडायला केलेल्या. ती गोड आवाजात आहे.

शिक्षेचा सीन. हॅरीला लिहायला बसवलंय, मी खोटं बोलता कामा नये. तो म्हणतो शाई दिली नाहीत. ती म्हणते, अरे शाई लागणारच नाही. लिहिताना अक्षरं त्याच्या हातावर कोरली जातात, तो कळवळून वळून बघतो आणि ती "हं?" करते. फक्त "हं?" इतक्या मायेने की काय रे बाळा, पाणी हवंय का. तो म्हणतो काही नाही. आणि ती सांगते बरोबर, कारण आतून तुलाही माहितीय की तू शिक्षेलाच पात्र आहेस.

आमच्या शाळेत एक पर्यवेक्षिका होत्या. कधी आवाज चढवला नाही. फी राहिलेल्या मुलांना प्रार्थनेनंतर थांबवून घ्यायच्या आणि सगळ्यांसमोर पाठीवरून हात फिरवत विचारायच्या, बाबांना काही अडचण आहे का बेटा? मी दोनदा थांबलेय त्या रांगेत. व्होल्डेमॉर्ट कोणाला भेटलाय? नाक नसलेला माणूस आपल्याकडे येणार नाही. अम्ब्रिज सगळ्यांना भेटलीये. राल्फ फाइन्सने कितीही फुत्कार टाकले तरी मला त्याची भीती वाटली नाही, ह्या बाईची छातीत धडधड होईपर्यंत वाटली. २००७ ला थिएटरमध्ये बघितला तेव्हा मी नोकरीला लागले होते, तरी तो "हं?" आला आणि मी पाठ ताठ करून बसले.

लंडनची_चिमणी
शाई, दंडवत! __/\__

मी तिथल्या स्टुडिओत जाऊन आलेय, वॉटफर्डजवळ लीव्हस्डनला, जिथे शूटिंग झालं तिथेच आता दाखवतात सगळं. तिकिटं महिना महिना आधी काढावी लागतात. अम्ब्रिजचे कपडे बघितले, सगळे गुलाबी, पण जसजशी तिच्या हातात सत्ता येते तसतसा गुलाबी गडद होत जातो. सिनेमात कळलं नव्हतं, आता बघा म्हणजे दिसेल. आणि भिंतीवर मांजरांच्या ताटल्या. उलट स्नेपचा पोशाख पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच, ती बटणं बटणं बटणं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं की सकाळी लावायला घेतली तर दुपारच्या तासाला वर्गात पोचेल.

आणि पाचव्या भागात जिन्यावर मॅगोनागलबाई (मॅगी स्मिथ) आणि अम्ब्रिजचं वाजतं तो सीन घ्याच की. दोघी भांडत नाहीत, नुसत्या पायऱ्या चढतात. एक चढली की दुसरी चढते, कोण उंच दिसणार यावरून. आणि अम्ब्रिज जेव्हा सांगते की मला जाब विचारणं म्हणजे जादूच्या मंत्रालयाला जाब विचारणं तेव्हा मॅगी स्मिथ अवाक होऊन एक पायरी खाली येते. एका पायरीत शाळा कोणाच्या हातात गेली ते समजलं.

ताकभात
मॅगी स्मिथ 💔 सहाव्या भागाच्या वेळी कॅन्सरचे उपचार चालू होते तरी काम केलं. आणि शेवटच्या भागात ते दगडी पुतळे जिवंत करते, अख्खी लढाई तोंडावर आलीय आणि ही शेजारी वळून लहान मुलीसारखी म्हणते, हा मंत्र मला कधीपासून वापरायचा होता! त्या एका वाक्यासाठी माझं मत तिला. २०२४ च्या सप्टेंबरला गेली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी तेच टाकलं होतं.

गडबडगुंडा
छोट्या भूमिकांत इव्हाना लिंच. ल्यूना या पात्रासाठी पंधरा हजार मुली आल्या होत्या आणि निवडली ती एक वेडी चाहती, जी आधीपासून रोलिंगबाईंना पत्रं लिहायची. ते मुळ्यांचे डूल तिने स्वतः मणी ओवून केलेत. ती ल्यूना झाली नाही, ती होतीच.

आणि चौथ्या भागातला नकली मूडी मास्तर. ब्रेंडन ग्लीसन मधूनच जीभ बाहेर काढतो सापासारखी, आणि शेवटी खरा चोर डेव्हिड टेनंट बाहेर येतो तर त्याचीही तीच खोड. पुस्तकात नाही हे. काही काही वेळा सिनेमावाले पुस्तकाच्या पुढे जातात, शाईताईंच्या नियमात हे बसत नाही पण नोंद असावी.

खारीक
हेलेना बोनहॅम कार्टर राहिली. शेवटच्या भागात हर्मायनी बेलाट्रिक्सचं (हेलेनाची खलनायिका) रूप घेऊन बँकेत जाते ना, तो सीन एमाने आधी करून दाखवला आणि हेलेनाने त्याची नक्कल केली. म्हणजे बेलाट्रिक्सच्या झिपऱ्यांत एक घाबरलेली शहाणी मुलगी, उंच टाचांवर अडखळणारी. दोन पात्रं एकाच वेळी.

पाटलीणबाई
आणि हॅरी? ज्याच्या नावाने दुकान चालू आहे त्याचं कोणी नावच घेईना 😄

ढवळ्या
घ्यायचं काय, डोळेच निळे. सात भाग प्रत्येक माणूस सांगतोय आईचे डोळे, हिरवे डोळे. लेन्स लावून बघितल्या, पोराला सोसल्या नाहीत, सोडून दिल्या. ते ठीक. पण मग शेवटी आठवणीत छोटी लिली दाखवली तर तिचे डोळे तपकिरी! तिला तरी निळे शोधायचे.

डॅनियलने सहाव्या भागात ते नशिबाचं औषध प्यायल्यावर जो आगाऊपणा केलाय, त्या राक्षसी कोळ्याच्या (आठ पायांच्या) मयताला हाताने नांग्या करून दाखवतो, तो मात्र पुस्तकातला हॅरी. पुस्तकात तो असा तिरकस बोलतो सारखा. सिनेमात सात भाग नुसता सोसतोय.

मावळतीकर
वाचनमात्र होतो, राहवलं नाही. एवढा मोठा धागा झाला, एकानेही हॅग्रिडचं, हॅरीला शाळेत न्यायला येणाऱ्या त्या धिप्पाड माणसाचं, नाव काढलेलं नाही. हॅग्रिड हा घरातल्या उंबऱ्यासारखा आहे, रोज ओलांडतो पण बघत कोणी नाही.

साध्या माणसाच्या दुप्पट उंच आणि पाचपट रुंद असा माणूस आणायचा कुठून? लांबून दिसतो तो मार्टिन बेफिल्ड, रग्बीचा खेळाडू, सहा फूट दहा इंच. पण जवळून चेहरा आणि आवाज रॉबी कोल्ट्रेनचा, आणि तो लेखिकेच्या मनात पहिल्यापासून होता. दाढी आणि केसांच्या जंगलात फक्त दोन डोळे मोकळे, तेवढ्यावर दहा वर्षं काम केलं. पहिल्या भागात झोपडीचं दार पाडून आत येतो, मग सॉरी म्हणून तेच दार उचलून जागेवर लावतो. मग कोटातून दबलेला केक. बोलता बोलता जे सांगायचं नाही तेच सांगून बसतो आणि स्वतःवरच चरफडतो. एकाही वाचकाने म्हटलेलं मी ऐकलं नाही की माझ्या डोक्यातला हॅग्रिड वेगळा होता. २०२२ मध्ये गेला.

शेवटचा_बाक
च्यायला. खरंच की. सगळे चुकलो.

खारीक
अवांतर: नवीन मालिका येतेय त्याचं काय? जॉन लिथगो डंबलडोर, निक फ्रॉस्ट हॅग्रिड, पापा एसिएडू स्नेप. वयाचं गणित तरी जुळेल यावेळी.

ढवळ्या
त्यावर वेगळा धागा काढा, इथे रक्तपात नको.

निळी_शाई
अपडेट. लेकीने काल पुस्तक संपवलं, रात्री सिनेमा लावला. मी मुद्दाम तिची वही सोफ्यावर ठेवली होती.

स्नेपची पहिली झलक आली, जेवणाच्या हॉलमध्ये. मी तिच्याकडे बघतेय. ती वाकून टीव्हीकडे बघते, वहीत बघते, परत टीव्हीकडे बघते आणि विचारते, "आई, हे स्नेपचे बाबा आहेत का?"

बाक, सॉरी.

हर्मायनीला म्हणाली दात कुठेत. डंबलडोर ठीक. पण त्याच्याही आधी झोपडीचं दार पडलं होतं तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. मी नंतर पानं उलटून हॅग्रिड काढला. गुलाबी छत्री, कोटाला अठरा खिसे (मोजलेत), काळ्या स्केचपेनची सगळी शाई दाढीत संपवलेली, मागच्या पानावर उतरलीय. मी विचारलं, हा तसाच आहे का गं? तर माझ्याकडे वेड्यासारखं बघून म्हणाली, म्हणजे? तोच होता ना तो.

मावळतीकर
वही जपून ठेवा.

पाटलीणबाई
चौथा भाग वाचून झाला की पाटलांचं चित्र काढायला सांगा. बांगड्या विसरू नको म्हणावं.